विलीजचं दुसरं इंजिन

आमच्या घरी जीपला कुणी जीप म्हणत नाही. ती 'विलीज'. आता बारकाईनं बघायला गेलं तर आमची विलीज ही महिंद्राची. १९४७ पासून महिंद्रांनी अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपा इकडं जोडायला सुरुवात केली आणि पुढं परवान्यावर इथंच बनवायला लागले. त्यातलं सीजे-३बी हे मॉडेल तर आपल्याकडं इतकं चाललं की फौज, पोलीस, जंगल खातं, पाटबंधारे, जिथं जिथं रस्ता संपतो तिथं तिथं हीच गाडी उभी दिसायची. आमची १९६८ सालची. एका सरकारी खात्याच्या लिलावात अण्णांनी ती १९८१ साली घेतली, म्हणजे अस्मादिक तेव्हा अगदी लहान होते. नातेवाइकांपैकी जे हे वाचतायत त्यांना विलीज माहीतच आहे, निम्म्या जणांच्या लग्नाच्या वराती तिच्यातून निघाल्यात. बाकीच्या मंडळींसाठी ओळख करून देणं भाग आहे.

३बी ओळखायची खूण म्हणजे तिचं उंच बॉनेट. महायुद्धातल्या जीपचं बॉनेट बसकं असतं, हिचं एखाद्या टपोऱ्या पेटीसारखं. त्याला कारण आत बसलेलं 'हरिकेन' नावाचं पेट्रोल इंजिन. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असायचे. ह्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, धूर सोडणारे खालीच ठेवले. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. २१९९ सीसी, चार सिलिंडर, बहात्तर हॉर्सपॉवर. म्हणजे इंजिनासाठी अख्ख्या गाडीचा चेहरा बदलला, आणि गंमत अशी की तो चेहरा घेऊन फिरणाऱ्या आमच्या विलीजमध्ये ते इंजिनच नाही. १९९२ च्या उन्हाळ्यात ते उतरवून तिथं डिझेल इंजिन बसवलं, ते आजतागायत चालू आहे.

आज हे लिहायचं कारण असं की गेल्या दिवाळीत पुण्याहून एक गृहस्थ विलीज बघायला आले. जुन्या गाड्यांचे शौकीन. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आजऱ्याच्या पश्चिमेला एका गावात एक ३बी आहे, पत्रा शाबूत, मालक पहिल्यापासून एकच. त्यांनी तासभर वाकून, झोपून, बॅटरी मारून गाडी बघितली. मग बॉनेट उघडलं आणि चेहरा पडला.

"अरेरे. ओरिजिनल नाही."

दादानं गोठ्याकडं बोट केलं. हरिकेन तिथंच होतं. खताच्या रिकाम्या पोत्यांखाली, लाकडी ओंडक्यांवर. अण्णांनी ते भंगारात घातलं नव्हतं. गृहस्थांनी पोती बाजूला केली, पंख्याला हात लावून बघितला आणि दहा मिनिटांत व्यवहार मांडला. जुनं इंजिन दुरुस्त करून परत बसवायचं, खर्च त्यांचा. मग गाडीचे साडेपाच लाख.

साडेपाच लाख ऐकून दादा गप्प झाला. दादाला काजू फोडायचं यंत्र घ्यायचंय, दोन वर्षं झाली नुसती कोटेशनं जमा करतोय. पुतण्या तर लगेच तयार. त्याच्या मते आपण एका "क्लासिक" गाडीत "ट्रॅक्टरचं डबडं" कोंबून तिची वाट लावली होती, आता पापक्षालनाची संधी आली आहे. (हा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तिसऱ्या वर्षाला. ह्या वयात सगळ्यांनाच सगळं कळतं :))

आता ते "डबडं" बसलं कसं ते सांगतो, कारण त्याचा मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि त्याचे चटके आमच्या गावापर्यंत आले. पेट्रोल महागलं. डिझेल तेव्हा जवळजवळ त्याच्या निम्म्या भावात मिळायचं. विलीज घाटात लिटरला साडेसहा किलोमीटर द्यायची. अण्णांची एक लांबट लाल वही होती, त्यात प्रत्येक वेळचं पेट्रोल आणि मीटरचा आकडा लिहिलेला. घनसाळ भाताची पोती गडहिंग्लजला न्यायची, काजू सावंतवाडीला, आणि हिशेब केला की भाड्यात काही उरायचं नाही. तेव्हा पंचक्रोशीत जो तो हेच करत होता. पेट्रोल जीपमध्ये डिझेल, पेट्रोल अँबॅसडरमध्ये डिझेल. हौस म्हणून कुणी करत नव्हतं, परवडत नव्हतं म्हणून करत होते. अण्णाही हेच सांगायचे. "मायलेज." एका शब्दात उत्तर. इंजिनाला पैसे कमी पडत होते तेव्हा आईनं पाटल्या काढून दिल्या. आम्हां पोरांना एवढंच माहीत.

इंजिन मिळालं ते महिंद्राच्याच एका डिझेल जीपचं, एक्सडीपी ४.९०. फ्रान्सच्या पेजो कंपनीचा आराखडा, २११२ सीसी. एका उलटलेल्या जीपमधलं. बॉडीचा चेंदामेंदा, इंजिनाला ओरखडा नाही. सोबत त्याचं बेल हाउसिंगही मिळालं आणि तेच मोठं नशीब, नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडायला जाड पत्र्याची प्लेट कातून घ्यावी लागली असती.

विलीज कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं टाकली. माझी आठवीची परीक्षा संपली होती आणि मावशीचं घर मंगळवार पेठेत, त्यामुळं अण्णांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं आलं. मी डबा देऊन परत येणं अपेक्षित होतं. मी संध्याकाळपर्यंत तिथंच. उद्यमनगरात ज्यांनी दिवस घालवलाय त्यांना तो वास सांगायला नको: तापलेलं लोखंड, लेथवरचं ते पांढरं पाणी आणि चहा.

माझी कल्पना अशी की जुनं इंजिन काढायचं, नवं ठेवायचं, बोल्ट आवळायचे. बल्ब बदलतात तसं. पहिल्या दिवशी चेनकप्पी लावून हरिकेन वर उचललं तेव्हा तसंच वाटलं. दुपारी संपलं काम. मग पुढचे तीन आठवडे कशात गेले?

तर सगळ्या बाकीच्या गोष्टींत. नवं इंजिन चेसिसवर टेकायला जागाच नव्हती. जुन्या फाउंडेशनची भोकं दुसरीकडं. मिस्त्रींनी पुठ्ठा घेतला, कात्रीनं कापून फर्मा केला, इंजिन साखळीला टांगतं ठेवून तो धरून बघितला, परत कापला. असे चार फर्मे झाल्यावर मग जाड पत्रा कापला. मला वाटायचं हे उगाच वेळ काढतायत. त्यांनी एकदा जवळ बोलावून दाखवलं. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत पाहिजे. केसभर इकडंतिकडं झालं तर गाडी चालू होईल, चार दिवस चालेल, आणि मग बेअरिंग खाईल, क्लचप्लेट खाईल, मालकाचं डोकं खाईल. "चालू करून दावणारे लई हैत. चालती ठिवायची कुणी?" क्रँकच्या टोकाला बसणारा पितळी बुश शेजारच्या टर्नरनं तीनदा कातला. पहिले दोन मिस्त्रींनी बोटानं फिरवून बघितले आणि बाजूला ठेवले.

रेडिएटर पुढं सरकवावा लागला, कारण पंखा जाळीला घासत होता. क्लचचा रॉड नवा. सायलेन्सरचा पाइप नवा. डिझेल इंजिन वजनाला भारी, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घातला. पेट्रोल इंजिन हवा दाबतं ती साधारण सातपट, डिझेल वीसपटीहून जास्त. तेवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायचं तर जुना स्टार्टर आणि जुनी बॅटरी दोन्ही बाद. बॅटरीचा खोकाच आधीच्या बॅटरीच्या मापाचा, तोही कापला.

आणि टाकी! ही गोष्ट मी अजून मित्रांना सांगतो. पेट्रोलच्या टाकीतून इंजिनाकडं एकच नळी जाते. डिझेलला दोन लागतात. पंप आणि नोझलपाशी वापरून उरलेलं डिझेल परत टाकीत यावं लागतं, त्याला म्हणायचं रिटर्न. म्हणजे टाकीला आणखी एक नळी डाग देऊन बसवायची. अकरा वर्षं पेट्रोल भरलेल्या टाकीला आग लावायची! रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि तीच खरी घातक. मिस्त्रींनी टाकी दोन दिवस धुतली, उन्हात उलटी ठेवली, मग गळ्यापर्यंत पाण्यानं भरली. जिथं डाग द्यायचा तेवढाच कोपरा वर राहील अशी तिरकी टेकवली, आम्हां सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडं उभं केलं आणि स्वतः काम केलं. काही झालं नाही. पण मी त्या दिवशी डबा तसाच हातात धरून उभा होतो.

ह्या सगळ्यात अण्णा बहुतेक गप्प असायचे. मिस्त्री म्हणतील ते. फक्त दोन बाबतींत त्यांनी डोकं खाल्लं. एक म्हणजे एअर क्लिनर. मिस्त्री तो सोयीच्या जागी, बाजूला खाली बसवत होते. अण्णांना तो वर पाहिजे होता, बॉनेटला आतून टेकेल इतका वर. मिस्त्री म्हणाले कशाला उगीच, पाइप वाढवावा लागेल. अण्णा म्हणाले वाढवा. दुसरी गोष्ट, ते पुन्हा पुन्हा एकच विचारायचे, "पाण्यात बंद नाही पडणार ना?" मिस्त्री सांगायचे, "डिझेलला प्लग नाही, कॉइल नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. भिजायचं काय त्यात?" दुसऱ्या दिवशी अण्णा परत विचारायचे. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं. लिटरला किती देणार, हे त्यांनी माझ्यासमोर एकदाही विचारलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

चालू केली त्या दिवशी आधी अर्धा तास एअर काढण्यात गेला. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर इंजिन बोंबलतं. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस येतो, फेस थांबून नुसतं डिझेल आलं की आवळायचं. मग नोझलपाशी तेच. मग हीटर, एक ते वीस आकडे मोजायचे, आणि स्टार्टर. सगळी गाडी अशी हादरली की आरसा गळ्यात आला. काळा धूर, मग निळा, मग काहीच नाही, नुसती धडधड. अण्णांनी खूश होऊन किल्ली फिरवून बंद केली. गाडी चालूच! किल्ली काढून हातात घेतली. तरी चालूच. उद्यमनगर हसायला लागलं. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळं वीज तोडून ते थांबत नाही, त्याचं डिझेलच तोडावं लागतं. त्यासाठी डॅशबोर्डखाली एक वायर बसवली होती, स्टॉपर. तो ओढायचा. आमच्याकडं आलेला प्रत्येक नवा ड्रायव्हर पहिल्या दिवशी किल्ली हातात घेऊन भांबावून उभा राहिलाय.

सगळा खर्च लाल वहीत आहे: ३१,४०० रुपये. त्यानंतर आरटीओत अर्ज, तपासणी, आणि पुस्तकात इंजिन नंबर व इंधन बदलल्याची नोंद. तेव्हा हे रीतसर होत होतं. पुढं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक झालं. २०१९ च्या जानेवारीत तर सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करता येणार नाहीत. त्यामुळं आता मनाला येईल ते इंजिन टाकून पुस्तकात चढवून आणणं सोपं राहिलेलं नाही. आमची नोंद जुनी, म्हणून निभावतंय.

डिझेलची विलीज पळते मात्र बेतानं. ३बी चा मागचा डिफरन्शिअल ५.३८ चा, म्हणजे इंजिनानं जवळजवळ साडेपाच फेऱ्या मारल्या की चाक एकदा फिरतं. टॉप गिअरमध्ये तीन हजार फेऱ्यांना वेग जेमतेम सत्तर-बाहत्तर, आणि त्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. पण आंबोलीच्या चढाला पोती भरून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की गुरगुरत न थांबता वर येते. लिटरला साडेअकरा. वहीत आहे.

तर "मायलेज" हे कारण पुराव्यानिशी सिद्ध. मग दिवाळीत पुतण्यानं त्याच कारणावर बोट ठेवलं. आता कुठं राहिलाय तो फरक? २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव सरकारनं मोकळे केले, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे. २०२० च्या जूनमध्ये दिल्लीत तर काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग होतं. आपल्याकडं अजून थोडं स्वस्त आहे, पण निम्मं वगैरे काही नाही. शिवाय गाडी वर्षाकाठी चालते किती? म्हणजे ज्या कारणासाठी इंजिन बदललं ते कारण संपलं. परत पहिलं बसवा, पैसे घ्या, यंत्र घ्या. मुद्दा बिनतोड होता. दादानं माझ्याकडं बघितलं. मी पुण्यात राहतो, माझं मत म्हणजे पाहुण्याचं मत. तरी मीही मान हलवली.

अण्णा झोपाळ्यावर होते. त्र्याऐंशी वर्षांचे. काही बोलले नाहीत. बोलली ती आई, आणि तीही स्वयंपाकघरातून, हातातलं काम न थांबवता.

"मायलेजसाठी दिल्या व्हय रे मी पाटल्या?"

मग तिनं जे सांगितलं ते आम्हां दोघां भावांना माहीत नव्हतं. म्हणजे तुकडे माहीत होते. १९९१ च्या पावसाळ्यात आक्काआत्या माहेरी आली होती आणि आजारी पडली होती, एवढं आठवत होतं. ती आठव्या महिन्यात होती हे कुणी आम्हांला सांगितलं नव्हतं. जुलैची रात्र, तिला अचानक रक्तस्राव सुरू झाला. अण्णांनी तिला आणि आईला विलीजमध्ये घातलं आणि गडहिंग्लजला निघाले. गावाबाहेरच्या ओढ्यावर तेव्हा फरशी पूल होता, आताचा उंच पूल नंतरचा. फरशीवरून पाणी चाललेलं, गुडघ्याच्या खालीच. एवढ्या पाण्यातून विलीज एरवी सहज जायची. पण पुढचा पंखा पाण्याला लागला की तेच पाणी उडवून सगळ्या इंजिनावर मारतो. फौजेतले ड्रायव्हर म्हणूनच पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा सैल करतात. त्या रात्री पट्टा सैल करायला थांबायचं कुणाला सुचेल? डिस्ट्रिब्यूटर भिजला, कॉइल भिजली, इंजिन फरशीच्या मधोमध बंद पडलं.

अण्णांनी टोपण काढून धोतराच्या सोग्यानं पुसलं. लावलं. नाही. परत पुसलं. वरून पाऊस, पुसायला कोरडं काही राहिलंच नव्हतं. आईनं आपल्या पातळाचा आतला पदर फाडून दिला. एकदा दोन ठोके टाकले आणि परत बंद. अखेर आई पाण्यातून चालत वाडीवर गेली, माणसं उठवली, बैल जुंपून गाडी बाहेर काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत फटफटलं होतं. आत्या वाचली. बाळ नाही वाचलं.

पुढं कधी अण्णा त्याबद्दल बोलले नाहीत. दिवाळी झाली, आणि एक दिवस ते आईला म्हणाले की डिझेल बसवतो, पैसे कमी आहेत. तिनं पाटल्या काढून दिल्या. "मला इचारलं न्हाई कशाला, मी सांगितलं न्हाई," असं आई म्हणाली. दुसऱ्याच वर्षी, १९९३ ला, आत्याचं बाळंतपण आमच्याकडंच झालं. जुलैतच. तेव्हाही फरशीवर पाणी होतं, आणि धडधडत पलीकडं गेलेली विलीज मला स्वच्छ आठवते, कारण त्या वेळी मी मागं बसलो होतो. माझी ती आतेबहीण आता कॅनडात असते आणि हे वाचेल.

डिझेलला पाण्याचं भय अजिबात नाही असं नव्हे. ठिणगी नाही म्हणून भिजून बंद पडत नाही, पण हवेच्या वाटेनं पाणी आत ओढलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिनच गेलं. एअर क्लिनर बॉनेटला टेकवून बसवायचा हट्ट का होता, ते मला इतक्या वर्षांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कळलं.

हे इथं मांडावं की नाही ह्यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी आत्यालाच फोन केला. ती म्हणाली, "लिही की. त्यात लपवायचं काय हाय? फक्त माझा भाऊ वाईट ड्रायव्हर होता असं लिहू नगंस." तर आत्या, लिहिलेलं नाही.

पुतण्यानं मग विषय काढला नाही. पण दादाचा प्रश्न होताच ना, साडेपाच लाखांचा. आईच्या गोष्टीनं काजू फुटत नाहीत. आम्ही दोघांनी सगळं परत नीट वाचून काढलं. त्या गृहस्थांचा बेत गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायचा होता. २०२१ साली त्याचे केंद्रानं नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, इंजिन-चेसिस-बॉडीत मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. नियम चांगला आहे, जुन्या चीजा जपायच्या तर असंच पाहिजे. फक्त दादा तो वाचून बराच वेळ हसत होता. "म्हणजे पोती न्यायची न्हाईत?"

मला त्या 'ओरिजिनल' शब्दाची जरा गंमतच वाटते. आमच्या विलीजचं हुड तिसरं आहे, सीट शिंप्यानं शिवलेल्या, रंग दादानं फवारणीच्या पंपानं मारलेला (लांबून चांगला दिसतो). हरिकेन तिच्यात चोवीस वर्षं होतं. डिझेल त्याच्या कितीतरी पुढं गेलंय. गोठ्यात झाकून ठेवलेलं ते खरं आणि रोज सकाळी धूर काढणारं ते उपरं, असं कुणी ठरवलं? पण शौकीन माणसाला हे पटवायला जाऊ नये. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. ते नसते तर हरिकेनचं झाकण उघडून बघायची तसदी आमच्यापैकी कुणी घेतली नसती.

शेवटी दादानं फोन करून गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग प्रश्न आला, "इंजिन तरी देता का?" त्यांच्याकडं आणखी एक ३बी आहे, तिच्यातही कुणीतरी डिझेल घातलेलं. व्यवहार चाळीस हजारांत ठरला. त्यातले काही विलीजचा पंप खोलून कॅलिब्रेट करण्यात जातील, सकाळी धूर जास्त टाकतेय. काजूच्या यंत्राचं अजून जमलेलं नाही. बँकेकडं अर्ज केलाय.

मार्चमध्ये पिकअप घेऊन ते स्वतः आले. चेनकप्पी नव्हती, सहा जणांनी मिळून हरिकेन ओंडक्यांवरून फळीवर आणि फळीवरून गाडीत ढकललं. उंदरांनी मॅनिफोल्डमध्ये घर केलं होतं, ते पुतण्यानं काडीनं साफ करून दिलं. अण्णा काठी टेकत बाहेर आले आणि दोर आवळून होईपर्यंत उभे राहिले. मग त्या गृहस्थांना म्हणाले,

"पाण्यात घालणार असाल तर आधी पंख्याचा पट्टा सैल करा."

ते हसले. "नाही हो काका, पाणी कसलं. पावसाचा थेंब लागू देणार नाही मी हिला."

"मग ठीक आहे," अण्णा म्हणाले, आणि चहा सांगायला आत वळले.